निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी सल्लागारी: परवानगी कशासाठी लागते आणि ती कशी मागावी

आदरणीय ब्रिगेडियर साहेब,

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी. चार महिन्यांपूर्वी आपण सिग्नल्समधून, म्हणजे सेनेच्या संपर्क-यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालात. शेवटचे दीड वर्ष महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये होतात, त्याआधी दिल्लीला मुख्यालयात होतात आणि आता इंदुरात स्थायिक झाला आहात. पुण्याच्या एका संपर्क-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने आपल्याला ठरावीक मासिक मानधनावर सल्लागार होण्याचे पत्र दिले आहे. कंपनीचे एचआर खाते सांगते की आपण पगारी नोकर नसाल, त्यामुळे सरकारची परवानगी लागत नाही. एका कोर्समेटने सुचवले आहे की फारच शंका वाटत असेल तर वहिनींच्या नावाने फर्म काढावी आणि बिले त्या फर्मने द्यावीत. आपला प्रश्न एवढाच आहे की वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे, की आताच सही करावी.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. आज सही करू नये, वहिनींच्या नावाने काहीही करू नये, आणि नुसते थांबूनही राहू नये. रीतसर अर्ज करावा. थांबणे हा आपल्याला सुरक्षित मार्ग वाटत आहे, पण आपल्या बाबतीत खरी अडचण वर्ष संपल्यावरही पूर्णपणे संपणार नाही, म्हणून ती आताच नीट समजून घेतलेली बरी. मी सेनेच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेत, म्हणजे कायदा शाखेत, नोकरी केली आणि आता इंदुरात वकिली करतो. सेवाविषयक आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे अशा प्रस्तावांचे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात. आपले ऑफर लेटर आणि आपल्या नेमणुकांचा पूर्ण तपशील मी पाहिलेला नाही. त्यामुळे पुढील काही गोष्टी ‘असे असेल तर’ या अटीवरच वाचाव्यात.

प्रथम एचआर खात्याचा मुद्दा. पगारी नोकर आणि सल्लागार हा भेद आयकरात महत्त्वाचा आहे, भविष्य निर्वाह निधीतही महत्त्वाचा आहे, पण या नियमात त्याला जवळजवळ काहीच किंमत नाही. वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांसाठी ही तरतूद सेनेच्या निवृत्तिवेतनविषयक नियमावलीत आणि संरक्षण मंत्रालयाच्या आदेशांत आहे. सनदी अधिकाऱ्यांसाठी ती केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांत आहे आणि दोन्हींचा गाभा सारखाच आहे. निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत ‘व्यावसायिक नोकरी’ स्वीकारायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी हवी. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, ती कमी करून एक वर्षाची करण्यात आली. आपला हुद्दा या तरतुदीच्या कक्षेत येतो, त्यात वाद नाही. ‘व्यावसायिक नोकरी’ची व्याख्या मात्र मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. व्यापार, उद्योग, वित्त किंवा व्यावसायिक सेवा देणाऱ्या कंपनीत, सहकारी संस्थेत, भागीदारीत किंवा एखाद्या व्यक्तीकडे कोणत्याही नात्याने केलेले काम, दलाल म्हणून केलेले कामसुद्धा, तिच्यात येते. कंपनीचे संचालकपद आणि फर्ममधील भागीदारीही येते. सरकारच्या मालकीच्या किंवा प्रामुख्याने सरकारी नियंत्रणाखालील महामंडळातील नोकरी तेवढी वगळलेली आहे, म्हणून भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या उपक्रमाने बोलावले तर प्रश्न वेगळा ठरतो.

याच व्याख्येच्या दुसऱ्या भागात स्वतंत्र सल्लागारीचा थेट उल्लेख आहे, आणि आपण तो भाग नीट वाचावा अशी माझी विनंती आहे. सल्लागाराचा व्यवसाय तीन परिस्थितींत ‘व्यावसायिक नोकरी’ ठरतो. पहिली अशी की त्या विषयातील व्यावसायिक पात्रता आपल्याकडे नाही आणि विषय आपल्या सरकारी कामातील ज्ञानाशी किंवा अनुभवाशी निगडित आहे. दुसऱ्या परिस्थितीत पात्रता आहे, पण आपल्या पूर्वीच्या पदामुळे ग्राहकाला इतरांवर अनुचित वरचढपणा मिळण्याचा संभव आहे. तिसरी अशी की कामाच्या स्वरूपातच सरकारी कार्यालयांशी किंवा अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवणे आले. बहुतेक अधिकारी पहिलीच परिस्थिती लक्षात ठेवतात आणि ‘मी तर एम.टेक. आहे’ असे म्हणून निश्चिंत होतात. सिग्नल्सच्या अधिकाऱ्याकडे पदवी असतेच, त्यामुळे पहिल्या कलमातून आपण बहुधा सुटाल. दुसरे आणि तिसरे कलम आपल्याला सोडणार नाही.

या नियमाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, आणि ती म्हणजे कंपनी आपल्याला कशाचे पैसे देत आहे. कौशल्याचे देत असेल, उदाहरणार्थ रेडिओ संचाची रचना तपासणे, त्यांच्या अभियंत्यांना शिकवणे किंवा वाळवंटात आणि बर्फात उपकरण कसे वागते ते समजावणे यांसाठी, तर परवानगी मिळण्याजोगे प्रकरण आहे. आपण काल ज्या खुर्चीवर बसत होता तिचे, म्हणजे तेथे कोणाला फोन करायचा, कोणती फाइल कोठे अडली आहे आणि पुढील मागणी साधारण कशी असेल याचे पैसे देत असेल, तर परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च २००१ मध्ये तहलका या वृत्तसंस्थळाने अस्तित्वातच नसलेल्या एका शस्त्रास्त्र कंपनीच्या नावाने केलेले चित्रण बाहेर आले, तेव्हा त्यात सेवेतील अधिकाऱ्यांबरोबर निवृत्त अधिकारीही दिसले होते. त्यानंतर निवृत्त सेनाधिकारी आणि संरक्षण खरेदी हे दोन शब्द एका कागदावर आले की मंत्रालयातील वाचणारा आपोआप सावध होतो. आपण निर्मळ असलात तरी त्या संशयाला अर्जातच उत्तर द्यावे लागते.

आता आपल्या पत्रातील एका वाक्याकडे येतो. आपण लिहिता की शेवटची नेमणूक प्रशिक्षण संस्थेत होती, त्यामुळे खरेदीशी आपला संबंध नव्हता. परवानगीचा विचार करताना सरकार शेवटची नेमणूक पाहून थांबत नाही, निवृत्तीपूर्वीची तीन वर्षे पाहते. त्या तीन वर्षांत आपल्याला अशी संवेदनशील किंवा सामरिक महत्त्वाची माहिती होती का, जिचा या कंपनीच्या कामाशी थेट संबंध आहे? त्या काळात आपल्या पदाच्या धोरणांशी कंपनीचे हितसंबंध आडवे जात होते का? दीड वर्ष महूचे वजा केले तर उरलेले दीड वर्ष दिल्लीचे निघते. तेथे आपण संपर्क-उपकरणांच्या चाचण्यांचे अहवाल पाहत असाल, गुणात्मक गरजा, म्हणजे खरेदीच्या उपकरणात कोणते गुण हवेत ते, ठरवणाऱ्या टिपणांवर आपली सही असेल, किंवा याच कंपनीचा संच कधी चाचणीसाठी आला असेल, तर तोच आपल्या अर्जाचा कणा ठरेल. यांतले काहीच नसेल तर अर्ज बराच हलका होतो. हे आपल्यालाच ठाऊक आहे आणि आपल्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

तीन वर्षांच्या निकषाखेरीज आणखी काही गोष्टी पाहिल्या जातात. संस्थेचे वर्तन देशाचे परराष्ट्र संबंध, सुरक्षा किंवा अंतर्गत सलोखा यांना बाधक तर नाही ना, अधिकाऱ्याची सेवापुस्तिका सचोटीच्या बाबतीत स्वच्छ आहे ना, आणि देऊ केलेले मानधन त्या क्षेत्रातील चालू दरापेक्षा फार जास्त तर नाही ना. शेवटचा निकष अधिकाऱ्यांना अपमानास्पद वाटतो, पण मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. महिन्यातून चार दिवस मार्गदर्शन करण्यासाठी कोणी पूर्णवेळ महाव्यवस्थापकाच्या पगाराएवढी रक्कम देऊ लागले, तर ती रक्कम मार्गदर्शनाची नाही हे कारकूनही ओळखतो.

अर्ज आपल्या सेनेच्या मुख्यालयामार्फत संरक्षण मंत्रालयाकडे जातो. त्यात आपल्या अलीकडच्या वर्षांतील नेमणुका तारखांसह, कंपनीचे नाव आणि तिचे व्यवसाय, सेवेत असताना तिच्याशी आपला आलेला संबंध, पदाचे स्वरूप, जाहिरात होती की प्रस्ताव थेट आला आणि थेट आला असेल तर कोणामार्फत, कामाचे तपशील, सरकारी खात्यांशी संपर्क ठेवावा लागेल का, आणि मानधन किती, हे सगळे स्पष्ट असावे. सोबत ऑफर लेटरची प्रत जोडावी. येथे माझा आग्रह दोन गोष्टींचा असतो. पहिली अशी की ‘कंपनीशी माझा कधीच संबंध आला नाही’ असे गोळाबेरीज वाक्य लिहू नये. एखाद्या प्रदर्शनात भेट झाली असेल, एखाद्या चाचणीला त्यांचा माणूस हजर असेल, तर ते सांगून टाकावे आणि आपली भूमिका किती होती तेही लिहावे. सांगितलेला संबंध अर्जात तोलला जातो, पण लपवलेला संबंध नंतर सापडला की सचोटीचा प्रश्न होऊन बसतो. दुसरी अशी की अर्जापूर्वीच कंपनीकडून करारात एक कलम लिहून घ्यावे: सल्लागार कंपनीच्या वतीने कोणत्याही सरकारी कार्यालयाशी, सेनेच्या मुख्यालयाशी, तुकडीशी किंवा प्रयोगशाळेशी संपर्क साधणार नाही, कोणत्याही निविदेच्या किंवा चाचणीच्या कामात भाग घेणार नाही आणि त्याचे मानधन कोणतेही कंत्राट मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून राहणार नाही. ज्या कंपनीला खरोखर अभियंता हवा असतो ती हे कलम एका दिवसात मान्य करते. जी कंपनी ‘एवढे कडक कशाला, थोडे मोघम ठेवू’ असे म्हणू लागते, तिचा हेतू आपल्याला फुकटात कळतो.

माझ्याकडे आलेल्या दोन प्रकरणांतील फरक येथे उपयोगी पडेल. एका अधिकाऱ्यांची सगळी शेवटची वर्षे पुरवठा आणि वाहतुकीत गेली होती आणि पीथमपूरच्या एका खासगी कारखान्याने त्यांना गोदाम-व्यवस्थेसाठी बोलावले होते. कारखाना सेनेला काहीच विकत नव्हता. त्या अर्जात फारसे लिहिण्यासारखे नव्हते आणि परवानगीलाही अडचण आली नाही. दुसरे गृहस्थ चाचणी-मंडळावर राहिलेले होते आणि बोलावणारी कंपनी एका मोठ्या बोलीदाराला सुटे भाग पुरवत होती. कागदावर ती बोलीदार नव्हती, म्हणून त्यांना धोका दिसत नव्हता. मी त्यांना अर्ज करण्यापेक्षा त्या प्रस्तावापासून दूर राहण्याचाच सल्ला दिला, आणि वर्ष उलटल्यावरही त्या विशिष्ट उपकरणाच्या कामाला हात लावू नये असे सांगितले. पुरवठ्याच्या साखळीत आपला ग्राहक नेमका कोठे बसतो, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेवरून कळत नाही, विचारूनच घ्यावे लागते.

वहिनींच्या नावाच्या फर्मबद्दल मला फार लिहायचे नाही. काम आपण करणार, ज्ञान आपले, बैठकीत बसणार आपण, आणि बिल मात्र दुसऱ्याच्या नावाचे. बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रे, विमानाची तिकिटे आणि ई-मेल यांतून ते लपत नाही. परवानगीशिवाय काम सुरू केल्याबद्दलची कारवाई मुळातच गंभीर आहे: आधी म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे नमूद करून सरकार पूर्ण निवृत्तिवेतन किंवा त्याचा काही भाग ठरावीक काळासाठी रोखू शकते. परवानगीची अट मोडल्यासही तेच होऊ शकते. अशा वेळी अधिकाऱ्याची आर्थिक स्थिती, नोकरीचे स्वरूप वगैरे गोष्टी विचारात घेतल्या जातात आणि ‘नियम माहीत नव्हता’ या म्हणण्यालाही थोडीफार सहानुभूती मिळू शकते. पत्नीच्या नावाने फर्म काढणाऱ्याला नियम माहीत नव्हता, असे मात्र कोणी मानणार नाही.

वर्ष मोजण्याबाबत एक बारीक गोष्ट आहे. निवृत्तीनंतर खंड न पडता पुनर्नियुक्ती झाली असेल, तर सनदी सेवांच्या नियमांत शेवटी पद सोडल्याचा दिवस निवृत्तीचा मानला जातो, आणि लष्करी अधिकाऱ्यानेही तसाच हिशेब धरावा असे मी सांगतो. आपण पुनर्नियुक्तीचा उल्लेख केलेला नाही, पण महूच्या काळातील काही भाग तसा असेल तर चार महिने कोठून मोजले ते पुन्हा पाहावे.

आता त्या अडचणीकडे येतो जी वर्षानंतरही राहते. कार्यालयीन गुपिते अधिनियम १९२३ याचे पाचवे कलम सरकारी पद धारण करणाऱ्याबरोबरच पूर्वी पद धारण केलेल्यालाही लागू आहे आणि त्याला कालमर्यादा नाही. तेराव्या महिन्यात आपण परवानगीशिवाय सल्लागार होऊ शकता, पण दिल्लीच्या फाइलीत वाचलेले तेराव्या महिन्यातही सांगू शकत नाही. शिवाय सेवेत असताना घडलेल्या गुन्ह्याबद्दल सेना अधिनियमाच्या कलम १२३ खाली सेवा सुटल्यानंतर तीन वर्षांच्या आत खटला सुरू होऊ शकतो. म्हणजे सेवेतच असताना एखाद्या कंपनीशी पुढच्या जागेची बोलणी करून तिला झुकते माप दिल्याचा आरोप झाला, तर वर्षभराचा विराम ढाल ठरत नाही. आपल्याला हा प्रस्ताव निवृत्तीनंतर आला असेल तर पहिल्या पत्राची तारीख जपून ठेवावी.

परदेशी कंपनीबद्दल आपण ओझरते विचारले आहे. परदेशी सरकारच्या, किंवा त्याच्या नियंत्रणाखालील संस्थेच्या नोकरीसाठी सनदी नियमांत वेगळी पूर्वपरवानगी आहे आणि तिला एका वर्षाची मर्यादा नाही, तेव्हा लष्करी अधिकाऱ्याने याहून सैल अर्थ लावू नये. अडचण अशी की आखाती देशांतील पुष्कळ कामे खासगी कंपनीच्या नावाने येतात आणि खरे ग्राहक तेथील सैन्य असते. कतारमध्ये नौदलाचे आठ माजी कर्मचारी अशाच एका खासगी प्रशिक्षण कंपनीत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना अटक झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, डिसेंबरमध्ये तो कमी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका झाली. त्यांच्यावरील आरोप कधी अधिकृतपणे उघड झाले नाहीत, म्हणून मी त्यांच्या वागण्याबद्दल काहीच म्हणत नाही. करार खासगी कंपनीशी असला तरी जोखीम दोन सरकारांमधली असू शकते, एवढेच त्यातून घ्यावे.

आपल्या कोर्समेटने अमेरिकेचा दाखला दिला आहे, तोही अर्धाच आहे. तेथे निवृत्त जनरलला खासगी कंपनीत जायला सरसकट बंदी नाही हे खरे, पण २०१८ च्या संरक्षण कायद्याने एक आणि दोन तारेवाल्या (कनिष्ठ) जनरलना एक वर्ष, तीन आणि चार तारेवाल्या (वरिष्ठ) जनरलना दोन वर्षे संरक्षण खात्याकडे लॉबिंग, म्हणजे कंपनीसाठी रदबदली, करण्याची मनाई केली, आणि परदेशी सरकारची नोकरी करायची तर संमती लागते. तेथील नियम मुख्यतः संपर्काला अडवतो, आपला नियम आधी परवानगी मागायला लावतो. तेथला माणूस निर्धास्त कामाला लागला म्हणून आपल्याला लागता येईल, असा अर्थ निघत नाही.

कराचे चटकन सांगतो. निवृत्तिवेतनावर वेतन म्हणून कर लागतो आणि सल्लागारीचे उत्पन्न व्यवसायाचे धरले जाते, त्यातून कंपनी टीडीएस कापेल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते आणि अशा सेवेवर १८ टक्के दर आहे. यासाठी कोणताही बरा चार्टर्ड अकाउंटंट पुरेसा आहे.

कंपनीला आज काय कळवावे, तेही आपण विचारले आहे. प्रस्तावाबद्दल आभार मानून एवढेच लिहावे की माझ्या सेवानियमांनुसार सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक आहे, ती मिळाल्याच्या लेखी पत्रानंतरच करार अमलात येईल, आणि तोपर्यंत मी कोणतेही काम, बैठक, मानधन किंवा आगाऊ रक्कम स्वीकारणार नाही. ‘अनौपचारिक चर्चा’ म्हणून होणाऱ्या ऑनलाइन बैठकाही टाळाव्यात, कारण काम केव्हा सुरू झाले हा वाद नेहमी त्याच बैठकांवरून होतो. ठरावीक मुदतीत नकार आला नाही म्हणजे परवानगी गृहीत धरता येते, असे आपल्याला कोणी सांगेल. सनदी नियमांत तशी तरतूद आहे, पण अर्जात त्रुटी काढून खुलासा मागितला की मुदत पुन्हा मोजली जाते, त्यामुळे मी माझ्या कोणत्याही पक्षकाराला त्या भरवशावर सही करू देत नाही.

नकार आला, किंवा जाचक अटींसह परवानगी आली, तर सनदी नियमांत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे निवेदन करण्याची सोय आहे. लष्करी अधिकाऱ्यानेही तीच मुदत पाळून लिहावे. निवेदनात भावनिक मजकूर नको, ज्या कारणाने नकार दिला त्याच कारणाला कागदोपत्री उत्तर द्यावे. त्यानंतरही निवृत्तिवेतनावर परिणाम करणारा आदेश आलाच, तर मध्य प्रदेशासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ जबलपूरला आहे आणि तेथे दाद मागता येते. आपल्या प्रकरणात तेथवर जावे लागेल असे मला वाटत नाही. दिल्लीच्या दीड वर्षातील कामाची यादी आपण तारखांसह स्वतःपुरती लिहून काढावी आणि त्या कंपनीचे किंवा तिच्या ग्राहकाचे नाव तिच्यात कोठे येते का ते पाहावे. नाव आले तर अर्ज करण्याआधी एखाद्या सेवाविषयक वकिलाला ती यादी दाखवावी, नाही आले तर याच आठवड्यात अर्ज पाठवायला हरकत नाही.